थांबलेल्या गाडीचें धांवतें इंजिन

गाडी जागच्या जागीं उभी आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर कोणाचा पाय नाहीं, तरीहि इंजिन घाट चढत असल्याप्रमाणें गर्जत आहे, हा प्रकार जुन्या मोटारींच्या धन्यांस नवीन नाहीं. गॅरेजांत यास ‘रेस चढली’ असें म्हणतात. कित्येक घरीं अद्यापि एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा आरंभीच्या काळांतली मारुति ८०० जपून ठेविलेली आढळते. पद्मिनीचें मूळ रूप, फियाट ११०० डिलाइट, १९६४ पासून मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागलें, १९७४ मध्यें तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. या दोन्ही गाड्यांत कार्बोरेटर असे. म्हणून त्यांचा हा दोष घरच्या घरीं, साध्या विचारानें, बराचसा ओळखतां येतो.

दोष क्षुल्लक नव्हे. पेट्रोल व्यर्थ जातें हें तर आहेच. परंतु मांजरसुंब्याचा घाट उतरतांना चालक पाय उचलतो तो इंजिनानें गाडी मागें ओढून धरावी म्हणून. रेस चढलेलें इंजिन तेवढें ओढून धरीत नाहीं, आणि सर्व भार ब्रेकांवर पडून ते तापूं लागतात.

आतां मूळ गोष्ट लक्षांत घ्या. अशा इंजिनांत पेट्रोल आपण होऊन शिरत नाहीं. आंत ओढली जाणारी हवा त्यास बरोबर नेते. ही हवा कमीअधिक करणारी एक चपटी झडप कार्बोरेटरांत असते, तिला थ्रॉटल म्हणतात. चालकाचा पाय प्रत्यक्षांत हिलाच उघडतो. तेव्हां पाय उचलल्यावरहि इंजिन धांवत असेल, तर बहुधा कोठून तरी अधिक हवा आंत जात आहे. ती थ्रॉटलवाटे जाते कीं आडवाटेनें, एवढाच प्रश्न. (खेड्यांतून चालणाऱ्या डिझेल जिपांस हें लागू नाहीं, तेथें वेग पंपाकडून येणाऱ्या तेलावर ठरतो.)

गाडी उघड्या जागेंत उभी करावी, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु बंद जागेंत प्राण घेतो. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें असावा, आणि फिरणाऱ्या पंख्यापासून पदर, ओढणी व बाह्या दूर ठेवाव्या. मुलांनीं हें काम वडील माणसांच्या संगतींतच पाहावें.

इंजिन थंड असतां चोक ओढला म्हणजे वेग वाढतो, तो दोष नव्हे. चोकचा सांधा थ्रॉटल किंचित् उघडतो, अशी योजनाच आहे. परंतु इंजिन तापून चोक परत सारल्यावरहि वेग उतरत नसेल, तर सांधा अडकला काय तें पाहावें. अशा वेळीं काळा धूर व पेट्रोलचा वास बहुधा येतो. नंतर इंजिन बंद करून थ्रॉटलचा दांडा आपल्या टेकणाच्या स्क्रूवर पुरता येऊन बसतो कीं नाहीं हें पाहावें. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताठ असणें, स्प्रिंग सैल होणें, किंवा पायाखालची चटईच पेडलांत गुंतणें, यांतच अर्धे दोष निघतात. चटई पाहण्याचें कोणास सुचत नाहीं, हें नवल.

दांडा नीट बसत असेल, तर इंजिन सुरू करून तो टेकणाचा स्क्रू किती फेरे फिरविला हें मोजीत सैल करावा. वेग उतरला, तर कोणी तरी तो अधिक आवळला होता. उतरला नाहीं, तर हवा आडवाटेनें येत आहे. थ्रॉटलच्या पुढील पोकळींत दाब बाहेरच्या हवेहून पुष्कळच कमी असतो. म्हणून उन्हानें व इंजिनाच्या आंचेनें तडकलेल्या रबरी नळींतून किंवा कार्बोरेटरखालच्या जुन्या पॅकिंगमधून हवा सूं सूं करीत आंत घुसते. तिच्याबरोबर पेट्रोल नसल्यामुळें मिश्रण पातळ होऊन वेग वरखालीं होतो. एकेक नळी चिमटींत दाबून पाहावी. आवाज बदलला कीं चोर सांपडला. पॅकिंगच्या कडेस साबणाचें पाणी लावावें. फेंस आंत ओढला गेला, तर फट तेथेंच. कित्येक कारागीर याच कामीं पेट्रोल शिंपडतात, ती रीत आग लावणारी आहे. थ्रॉटलची दांडी भोंकांत खुळखुळत असेल, तर मात्र चांगल्या कारागिराकडेच जावें. ठिणगीची वेळ पुढें सरकली असतांहि वेग चढतो, परंतु तो संशय शेवटीं घ्यावा.

फट बुजविल्यावर सैल केलेल्या स्क्रूमुळें इंजिन कदाचित् बंद पडूं लागेल. तसें झाल्यास इंजिन पुरतें तापूं द्यावें, आणि मग तें शांतपणें चालूं लागेपर्यंत स्क्रू थोडथोडा आवळावा.