पोत आणि घाट : जाड रंगलेपनातील गृहांतर्गत दृश्याचा आस्वाद

प्रास्ताविक

नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा भागातील कुडाची भिंत आपण कदाचित जवळून पाहिली असेल. शेणामातीने लिंपताना उमटलेली बोटांची वळणे भिंत वाळल्यावरही टिकतात. तिच्यावर तिरपा उजेड पडला, की लिंपणाऱ्या हाताची चाल वाचता येते. पृष्ठभागाच्या या स्पर्शगुणाला 'पोत' म्हणतात. तर कलाकृतीतील घटकांच्या परस्परसंबद्ध रचनेला 'घाट'. या संज्ञा साहित्यसमीक्षेतही येतात. येथे त्या एका चित्राच्या आधारे समजून घेऊ.

उदाहरण : 'बटाटे खाणारे'

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) याने हे तैलचित्र १८८५ मध्ये न्यूनेन या खेड्यात रंगविले. ८२ सें.मी. उंच व ११४ सें.मी. रुंद असलेले हे चित्र आज ॲमस्टरडॅम येथील व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. अंधारी खोली, वर टांगलेला दिवा आणि टेबलाभोवती बसलेली शेतकरी कुटुंबातील पाच माणसे, एवढाच त्याचा विषय.

पोत

चेहरे आणि हात यांवर गडद रंगाचे जाड, खरबरीत थर आहेत. कुंचल्याचे फटकारे लपविलेले नाहीत. न सोललेल्या, मातकट बटाट्याचा रंग आपण योजल्याचे व्हॅन गॉगने थिओ या भावाला कळविले होते. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटाकडे जात आहेत, हे त्याला दाखवायचे होते. म्हणूनच येथील खरबरीतपणा आशयाचा भाग ठरतो.

घाट

दिव्याचा उजेड माणसांना एकत्र बांधतो. समोरची पाठमोरी मुलगी गडद आकृतीसारखी दिसते; तिच्याभोवतीच्या उजळ वाफेमुळे नजर बटाट्यांच्या ताटाकडे जाते. उजवीकडे एक स्त्री कॉफी ओतते आहे. हातांच्या या हालचालींमुळे स्थिर दृश्याला लय येते.

एक आक्षेप

व्हॅन गॉगचा चित्रकार मित्र अँथन व्हॅन रॅपार्ड याने या चित्राच्या शिलामुद्रित प्रतीवर कठोर टीका केली. हातांची ठेवण कृत्रिम आहे, एका पुरुषाचा बाहू आखूड आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यातून मैत्रीत दुरावा आला. रॅपार्डपुढे काळीपांढरी छपाई होती. रंगाचा थर नव्हता. थर वगळला, की रेषेतील उणिवा अधिक ठळक होतात. तरीही आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता; काही दोष व्हॅन गॉगनेही मान्य केले. मात्र १८८७ मध्ये बहिणीला लिहिताना त्याने हेच आपले सर्वोत्तम काम मानले. शरीररचनेतील दोष आणि पोताने साधलेला परिणाम, दोन्हींची नोंद घेणे हे आस्वादकाचे काम होय.

छापील पानावर वा मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहताना आपली स्थितीही रॅपार्डसारखीच असते. म्हणून प्रथम प्रतिमा मोठी करून हातांवरील फटकाऱ्यांची दिशा शोधावी. मग ती लहान करून उजेड-अंधाराची मांडणी पाहावी. निर्णय देण्यापूर्वी प्रतिकृतीत काय हरवले आहे, हे स्वतःला विचारावे.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. 'पोत' आणि 'घाट' यांतील फरक वरील चित्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. रॅपार्डचा आक्षेप आपणास कितपत मान्य आहे? सकारण लिहा.