विरळणीचा हिशेब

बाजरीचे पीक वीतभर उंच झाले, की शेतकरी ओळीओळीने चालत जाऊन दाट उगवलेली रोपे उपटून टाकतो. ज्या हातांनी पेरले त्याच हातांनी उपटावयाचे, हे नवख्या माणसाला विचित्र वाटते. परंतु असे केले नाही, तर सगळीच रोपे किडकिडीत राहतात व कणीस कोणालाच नीट येत नाही. ह्या कामाला विरळणी म्हणतात. जंगलातही अशीच विरळणी करावी लागते. मात्र शेतात उपटलेली रोपे गुरांपुढे टाकली म्हणजे काम संपते. जंगलात मजुरी, वाहतूक आणि बाजारभाव यांचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब पहिल्या प्रथम तरी गोड नसतो.

आपल्या विदर्भातील सागाचेच उदाहरण घेऊ. चंद्रपूर व गडचिरोलीकडे सागाची मोठी जंगले आहेत. 1974 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळानेही सागाची पुष्कळ लागवड केली आहे. सागाची रोपे सामान्यतः दोन-दोन मीटरांवर लावतात. म्हणजे एका हेक्टरात 2500 रोपे झाली. साठ वर्षांनी शेवटची तोड होते, तेव्हा त्यांपैकी दोन-तीनशेंच्या आतच झाडे उभी असतात. मग आधी एवढी दाटी कशासाठी? कारण दाटीत वाढणारे रोप उजेडासाठी सरळ वर धावते, त्याच्या बाजूच्या फांद्या आपोआप वाळतात, आणि खालच्या गवताला ऊन मिळत नाही. पण काही वर्षांनी हीच दाटी अंगाशी येते. सागाला सावली सोसत नाही. शेंडे एकमेकांना भिडले, की झाडे उंच होत राहतात, पण खोड भरत नाही.

पहिल्या विरळणीची रीत समजण्यासाठी बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे आणावा. प्रत्येक घरात एक झाड आहे असे समजा. काळ्या घरांतील सर्व झाडे तोडली, की हेक्टरी 1250 उरतात. पुढच्या खेपेस एकाआड एक आडवी रांग काढली, की 625 उरतात आणि दोन झाडांत चार मीटरांचे अंतर पडते. ही रीत स्वस्त आहे, कारण प्रत्येक झाडापाशी थांबून विचार करावा लागत नाही. परंतु ती आंधळीही आहे. काळ्या घरात उभा असलेला सरळसोट साग जातो व पांढऱ्या घरातला वाकडा राहतो. म्हणून पुढील विरळणीत झाडे पाहून निवडतात. रोगट, दुबेळके फुटलेले किंवा मागे पडलेले झाड हेरून, त्याची थोडी साल कुऱ्हाडीने काढून तेथे हातोडीने शिक्का मारतात. जाणत्या वनरक्षकाची परीक्षा ह्या शिक्क्यांवरूनच होते, असे मला वाटते.

आता खर्च पाहू. समजा, एक साग 10 सेंटीमीटर जाड व 8 मीटर उंच आहे. दुसरा 20 सेंटीमीटर जाड व 16 मीटर उंच आहे. पाहणारा म्हणेल, दुसरा पहिल्याच्या दुप्पट आहे. पण जाडी दुप्पट झाली, की बुंध्याच्या कापाचे क्षेत्रफळ चौपट होते. त्यात उंचीही दुप्पट, म्हणून लाकूड आठपट! खोड वर निमुळते होते हे धरून मोजले, तर एक घनमीटर लाकडासाठी लहान झाडे सुमारे 32 लागतात, मोठी 4 पुरतात. मजुराचे श्रम मात्र आठपटीने कमी-जास्त होत नाहीत. झाडापर्यंत जाणे, बुंध्याभोवतीची झुडपे दूर करणे, झाड पाडणे, फांद्या छाटणे ही कामे झाड लहान म्हणून टळत नाहीत. उलट दाटीत ते शेजाऱ्याच्या फांद्यांत अडकून राहते व ओढून खाली काढावे लागते. लहान झाडाला 6 मिनिटे आणि मोठ्याला 12 मिनिटे धरली, तर एका घनमीटरामागे 192 मिनिटे आणि 48 मिनिटे होतात. म्हणजे लहान झाडांच्या लाकडाला चौपट वेळ!

एवढे करून हाती काय येते? बल्ल्या आणि सरपण. सागाचा प्रसिद्ध टिकाऊपणा असतो त्याच्या आतल्या तपकिरी गाभ्यात. कोवळ्या झाडात हा गाभा थोडाच असतो. त्यामुळे विरळणीचे लाकूड विकून मजुरीही निघेल, अशी खात्री नसते, आणि काम पुढे ढकलण्याचा मोह होतो. पण खुरपणीचा खर्च कोणी खुरपलेल्या गवताच्या किमतीतून वसूल करीत नाही. विरळणी बेताची असेल, तर जमिनीतून दरवर्षी तयार होणाऱ्या एकूण लाकडात फारसा फरक पडत नाही. ते अडीच हजार काठ्यांत वाटावयाचे, की काही शे जाड खोडांत, एवढेच माणसाच्या हाती असते. जाड ओंडक्याला घनमीटरामागे दरही अधिक मिळतो. उशीर झाला, तर झाडाचा शेंडा आखडून झुबक्याएवढा होतो, आणि पुढे मोकळी जागा मिळूनही ते लवकर सावरत नाही. अतिरेकही बरा नव्हे. एकदम उजेड पडला, की खोडावर नवे धुमारे फुटून लाकडात गाठी धरतात. खाली गवत माजते आणि उन्हाळ्यात वणव्याला वाट मिळते.

जेथे मजुरी फार महाग आहे, तेथे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. फिनलंड व स्वीडन येथील पाइन आणि स्प्रूसच्या जंगलांत झाडे कोवळी असतानाच यंत्राच्या करवतीने कापून तेथेच कुजू देतात. त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो. थोडी मोठी झाडे पाडणारी यंत्रेही आहेत. त्यांतील काही एका पकडीत अनेक बारीक खोडे गोळा करतात, कारण एकेक खोड हाताळण्यात यंत्राचाही वेळ जातो. फिनलंडमध्ये कोवळ्या जंगलाच्या निगेसाठी सरकार मालकांना अनुदानही देते.

सागाच्या खोडात वर्षाला एक याप्रमाणे स्पष्ट वलये पडतात. विरळणीनंतर बऱ्याच वर्षांनी तोडलेल्या सागाचा बुंधा नीट पाहिला, तर मध्यापासून बाहेर येताना वलये आधी रुंद, मग दाटीच्या काळात अरुंद होत गेलेली दिसतात; आणि शेजारचे झाड निघाले, की थोड्याच काळात ती पुन्हा रुंद होऊ लागतात.