बाईकवर असताना ग्रुपशी बोलायचं कसं? महागडा इंटरकॉम न घेताही काम होतं

पहाटे पाच वाजता अंधेरीच्या एखाद्या पेट्रोल पंपावर पाच बाईक जमतात. टाक्या फुल होतात, चहा होतो, एक सेल्फी होतो आणि मंडळी लोणावळ्याला निघतात. एक्सप्रेस वेवर बाईकला बंदी, अटल सेतूवरही बंदी, त्यामुळे रस्ता ठरलेला. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग ऐरोलीचा पूल, पनवेल आणि पुढे जुना हायवे. पनवेलपर्यंत सगळे एकमेकांना दिसत असतात. खोपोलीला थांबल्यावर मोजणी होते, तर चारच बाईक.

पाचवा कुठे राहिला? फोन लावावा तर तो उचलत नाही. एकतर तो बाईक चालवतोय, नाहीतर दहा किलोमीटर मागे पंक्चर घेऊन उभा आहे आणि फोन बॅगेत आहे. मग दोघं मागे वळतात, दोघं थांबतात आणि पाच जणांच्या राईडचे तीन ग्रुप होतात. पावसाळ्यात, घाटात धुकं उतरलेलं असताना हीच गोष्ट घडली तर ती नुसती गैरसोय राहत नाही.

यावरचा उपाय म्हणून इन्स्टाग्रामवर जे इंटरकॉम दिसतात, त्यातले नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे टॉप मॉडेल्स तीस हजारांच्या पुढे जातात. म्हणजे अनेकांच्या हेल्मेट, जॅकेट आणि ग्लोव्हजच्या एकत्र खर्चापेक्षा जास्त. पण बोलण्यासाठी इतके पैसे घालावेच लागतात असं नाही.

सगळ्यात स्वस्त पर्याय खिशातच आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलवर 32 जण येऊ शकतात. निघायच्या आधी कॉल सुरू करायचा, फोन खिशात ठेवायचा आणि हेल्मेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ हेडसेट वापरायचा. हा हेडसेट हजार-दोन हजारात मिळतो. शहरातल्या शहरात, म्हणजे मुलुंडहून बोरिवलीला जाताना वगैरे, हे उत्तम चालतं. कॉल सतत सुरू ठेवायचा नसेल तर झेलोसारखं ॲप आहे. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, अगदी वॉकीटॉकीसारखं. फक्त ते बटण फोनच्या स्क्रीनवर असेल तर चालत्या बाईकवर त्याला हात लावायचा नाही.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. हे सगळं मोबाईल नेटवर्कवर चालतं. घाटात रेंज गेली की कॉलही गेला. म्हणजे जिथे बोलायची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तिथेच गप्प बसावं लागतं.

इंटरकॉम वेगळा ठरतो तो इथे. त्याला सिम लागत नाही, नेटवर्क लागत नाही. दोन हेल्मेटवरची यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये ही साखळी असते. पहिला दुसऱ्याशी जोडलेला, दुसरा तिसऱ्याशी. मधला सिग्नलला अडकला की साखळी तुटते आणि पुढचे-मागचे एकमेकांना ऐकू येईनासे होतात. मेश नावाच्या तंत्रात प्रत्येक यंत्र जवळच्या सगळ्यांशी जोडलेलं असतं, त्यामुळे एक गळाला तर बाकीचे आपोआप दुसरी वाट शोधतात. महागड्या मॉडेल्सची किंमत मुख्यतः याचीच असते. बंगळुरूच्या ब्लूआर्मरसारख्या भारतीय कंपन्या आता इंटरकॉम बनवतात. चिनी ब्लूटूथ इंटरकॉम तर तीन-चार हजारांपासून सुरू होतात.

दोघंच फिरणार असाल, किंवा डबलसीट जाताना मागच्या माणसाशी बोलायचं असेल, तर मेशचा विचारही करू नका. दोघांत साखळी तुटायला मधे कोणी नसतंच. पाच-सहा जण नेहमी एकत्र जात असतील तरच तो खर्च वसूल होतो.

स्वस्तातला घेताना लोक एका ठिकाणी हमखास फसतात. ऑनलाईन 'हेल्मेट ब्लूटूथ' म्हणून विकली जाणारी अनेक यंत्रं फक्त हेडफोन असतात. गाणी वाजतात, कॉल येतो, पण दुसऱ्या हेल्मेटशी थेट बोलता येत नाही. वर्णनात 'इंटरकॉम' हा शब्द आणि किती रायडर जोडले जातात हे लिहिलेलं आहे का ते बघा. दुसरं म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यांनी शक्यतो एकाच कंपनीचा घ्यावा. वेगवेगळ्या ब्रँडची यंत्रं जोडण्याची सोय काहींत असते, पण त्यात दुसरं यंत्र फोन म्हणून जोडलं जातं आणि खऱ्या फोनची जागा अडते.

बॉक्सवर 'रेंज 1 किलोमीटर' लिहिलेलं असेल तर ते मोकळ्या, सरळ रस्त्यासाठी आहे. हे सिग्नल 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, तेच जे घरच्या वायफायला लागतात. मधे ट्रक आला, वळण आलं, डोंगराचा कडा आला की रेंज काही शे मीटरवर येते. आणि आपला पाऊस. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विश्वास न ठेवता आयपी रेटिंग बघा. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी पास.

आवाज नीट येत नाही ही तक्रार तर प्रत्येक स्वस्त यंत्राबद्दल असते. बऱ्याचदा दोष यंत्राचा नसतो. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. त्यात स्पीकर कानाच्या भोकासमोरून सेंटीमीटरभर जरी सरकला तरी काही कळत नाही. तो नेमका समोर चिकटवा, माइकवर फोमची टोपी ठेवा, निम्मा फरक तिथेच पडतो. हेल्मेटला भोक मात्र पाडू नका. क्लिप किंवा चिकटपट्टीने यंत्र बसतं.

कोणी म्हणेल, वॉकीटॉकीच घेऊ की! भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकीला 2018 च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. वळणावळणाच्या घाटात त्या ब्लूटूथपेक्षा बऱ्या चालतात. पण ऑनलाईन दोन हजारात दिसणारे अनेक सेट या पट्ट्याबाहेरही चालतात आणि ते विनापरवाना वापरणं बेकायदेशीर आहे. असे सेट विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाईन, फ्रिक्वेन्सी आणि सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए, विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय सेट हातात धरून बोलणं नकोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातातलं संपर्क साधन वापरत चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंग आहे. पहिल्यांदा पकडलं गेलं तर 1000 ते 5000 रुपये दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. सेट घ्यायचाच तर हेल्मेटमधला माइक आणि हँडलवर बसणारं बटण जोडून घ्या.

आता शून्य रुपयांचा पर्याय. हाताच्या खुणा. गंमत अशी की लायसन्सच्या परीक्षेत शिकवलेल्या खुणा उजव्या हाताच्या असतात आणि बाईकवर उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. म्हणून ग्रुप राईडमध्ये बहुतेक खुणा डाव्या हाताने करतात. तळवा खाली करून हात खालीवर केला की वेग कमी करा, एक बोट वर म्हणजे एकामागे एक या. खड्डा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा पाय बाहेर काढून दाखवायचा. जून ते सप्टेंबरमध्ये हा पाय किती वेळा बाहेर येतो, हे मुंबईकरांना सांगायला नको.

आणि खोपोलीला हरवलेला तो पाचवा? त्याच्यासाठी अनुभवी ग्रुप एक जुनी पद्धत वापरतात. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला एक जण आणि सगळ्यात मागे दुसरा अनुभवी रायडर, ज्याच्या मागे ग्रुपमधलं कोणीही राहायचं नाही. पंक्चरचं किट त्याच्याकडे. मधल्या प्रत्येकाने आरशात आपल्या मागची बाईक बघत राहायची. ती दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा, तरी आली नाही तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबायचं. आपण थांबलो की पुढच्याला आपण दिसत नाही, मग तोही थांबतो. असं करत निरोप कोणाच्याही हेल्मेटमध्ये न वाजता सगळ्यात पुढच्यापर्यंत पोचतो, तेही रेंज नसताना.