मुदत ठेव व रोखता

एखाद्या व्यक्तीच्या हाती एकाच वेळी आलेली मोठी रक्कम व्याजासाठी गुंतविली असता, तिचे पुन्हा रोख पैशांत रूपांतर किती लवकर व किती तोटा सोसून करता येते, यावर त्या गुंतवणुकीची रोखता अवलंबून असते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विकलेल्या घराची वा शेतजमिनीची किंमत ही अशा रकमांची नेहमीची उदाहरणे होत. रोखतेचा काही काळ त्याग केल्याबद्दलचा मोबदला म्हणजे व्याज, असे विवेचन जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये केले. साहजिकच अधिक व्याज व पूर्ण रोखता ही दोन्ही सहसा एके ठिकाणी मिळत नाहीत. किती रकमेपुरती रोखता सोडावयाची, एवढेच ठेवीदाराच्या हाती असते.

बचत खात्यात रोखता सर्वाधिक व व्याज सर्वांत कमी असते. १ एप्रिल २०१० पूर्वी या खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवरच व्याज मिळे. मध्यंतरी चार दिवसांसाठी काढलेल्या रकमेचे त्या महिन्याचे सर्व व्याज बुडत असे. पुढे दैनंदिन शिलकेवर व्याज देण्यात येऊ लागले. २५ ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा व्याजदर ठरविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली.

मुदत ठेव म्हणजे कुलूपबंद पैसा, ही समजूत बरोबर नाही. अशी ठेव किमान सात दिवसांची असते व ती मुदतीपूर्वी मोडता येते. व्यक्तींच्या ठेवींबाबत ही सोय देणे १५ लाख रुपयांपर्यंत बंधनकारक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही मर्यादा १ कोटी रुपये करण्यात आली. मोडलेल्या ठेवीवर ठरलेल्या दराने व्याज मिळत नाही. ती प्रत्यक्षात जितका काळ राहिली, तितक्या मुदतीसाठी ठेवण्याच्या दिवशी जो दर असेल तो धरतात आणि त्यातून दंड म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का वजा करतात. समजा, १ लाख रुपये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले व वर्षाअखेर मोडले. त्या दिवशीचा एका वर्षाचा दर ६.५ टक्के व दंड १ टक्का असल्यास सरळव्याजाने ५,५०० रुपये मिळतील. बचत खात्यात ३ टक्क्यांनी ३,००० रुपयेच मिळाले असते. दंडाच्या धास्तीने वर्षानुवर्षे मोठी रक्कम बचत खात्यात पडू देणारे लोक हा हिशेब क्वचितच करतात.

गरज थोड्या दिवसांची असल्यास ठेव न मोडता तिच्या तारणावर कर्ज घेणे हितावह ठरते. त्याचा दर ठेवीच्या दराहून साधारणतः एक ते दोन टक्के अधिक असतो. ५ लाखांच्या ठेवीवर १ लाख रुपये ८ टक्क्यांनी वीस दिवसांसाठी घेतल्यास व्याज सुमारे ४३८ रुपये पडते, आणि मूळ ठेव वाढतच राहते. याउलट दोन वर्षे चाललेली ती ठेव मोडल्यास केवळ एक टक्का दंडापायीच १०,००० रुपये जातात. म्हणूनच ५ लाखांची एक पावती करण्याऐवजी ५० हजारांच्या दहा पावत्या, त्याही निरनिराळ्या मुदतींच्या, करणे सोयीचे. गरजेपुरतीच पावती मोडावी लागते. बचत खात्यातील ठराविक मर्यादेवरील शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळविण्याची व गरजेनुसार परत आणण्याची सोयही अनेक बँका देतात. डाकघराची मुदत ठेव मात्र पहिले सहा महिने काढता येत नाही.

येथवरचा विचार बँक सुस्थितीत आहे असे गृहीत धरून केलेला आहे. बँकच अडचणीत आली, तर पावतीवरील अटींना अर्थ उरत नाही. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हाची १,५०० रुपयांची मर्यादा वाढत जाऊन ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. ही मर्यादा एका बँकेच्या सर्व शाखांतील एका ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज अशा एकूण रकमेस लागू होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. उपचारांसाठी वा मुलांच्या फीसाठी राखलेले पैसे कागदोपत्री होते, हाती नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांवरील रकमांसाठी अनेक ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देणे आवश्यक आहे. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना हे विमासंरक्षण नाही. त्यांचा एक-दोन टक्के चढा व्याजदर पाहताना ही गोष्ट बहुधा नजरेआड होते.

संयुक्त ठेवींबाबत आणखी एक अडचण संभवते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ असा शेरा असला, तरी दोघेही हयात असताना ठेव मुदतीपूर्वी मोडण्यास सामान्यतः दोघांच्या सह्या लागतात. एक ठेवीदार मरण पावल्यावर दुसऱ्यास ती एकट्याने मुदतीपूर्वी मोडता यावी, यासाठी तशी स्पष्ट सूचना दोघांच्या सह्यांनिशी बँकेकडे आधीच द्यावी लागते.