तिजोरीच्या किल्ल्या

इंग्लंडच्या राजसत्तेला लगाम कसा बसला, हे सांगताना १२१५ सालचा मॅग्ना कार्टा आणि १६४९ मधला पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद हे दोन प्रसंग हटकून पुढे येतात. दोन्ही मोठे खरे, पण निर्णायक नव्हेत. सरदारांकडून जादा पैसा उकळण्याआधी राज्याचा सल्ला घ्यावा, हे मॅग्ना कार्टातले कलम पुढच्याच वर्षीच्या मसुद्यातून गाळले गेले. चार्ल्सवर खटला चालवला तोही पूर्ण पार्लमेंटने नव्हे. लष्कराने विरोधी सभासदांना दारातच अडवले होते आणि उरले त्यांनी तो चालवला. त्या उरलेल्यांनाही १६५३ मध्ये लष्कराचा सेनापती क्रॉमवेल याने शिपाई आणून बाहेर काढले. तलवारीने राजा गेला. अनिर्बंध सत्ता गेली नाही. ती आवळली गेली पैशाच्या मंजुरीने, असे माझे मत आहे.

याचा पुरावा चार्ल्सच्याच कारकिर्दीत सापडतो. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर घेणार नाही, हे त्याने १६२८ मध्ये मान्य केले आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंट बरखास्त करून ११ वर्षे एकट्याने कारभार केला. किनाऱ्यावरच्या गावांकडून आरमारासाठी घेतली जाणारी जहाजपट्टी त्याने समुद्र न पाहिलेल्या परगण्यांवरही बसवली. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने ती नाकारली, तेव्हा १२ पैकी ७ न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. म्हणजे कागदावरचे वचन हरले, न्यायालयही हरले. राजाला नमवले ते स्कॉटलंडच्या युद्धाने. १६४० मध्ये स्कॉटिश फौज उत्तर इंग्लंडात ठाण मांडून बसली आणि तिच्या खर्चापोटी रोज ८५० पौंड देण्याचे राजाला कबूल करावे लागले. एवढा पैसा पार्लमेंटवाचून उभा राहणे शक्य नव्हते.

मग १६८९ च्या हक्कांच्या सनदेचे काय, असा आक्षेप येईल. सनदेचे मोल मी कमी मानत नाही. पण तिच्यातली करासंबंधीची ग्वाही १६२८ मध्येही दिली गेली होती. खरा फरक पडला तो पार्लमेंटने स्वतःची चूक ओळखल्यामुळे. १६८५ मध्ये दुसऱ्या जेम्सला जकातीचे उत्पन्न तहहयात बहाल केले गेले, व्यापार वाढल्याने तिजोरी भरली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरनंतर त्याने पार्लमेंट भरूच दिले नाही. म्हणून जेम्सच्या जागी गादीवर आलेल्या विल्यम आणि मेरी यांना १६९० मध्ये जकात मिळाली ती फक्त चार वर्षांसाठी. सैन्याच्या शिस्तीचा कायदाही मुदतीचाच ठेवला. फ्रान्सशी युद्ध चालू, खर्च अफाट. विल्यमला वरचेवर सभागृहापुढे यावेच लागे.

प्रतिनिधींची सभा फ्रान्सलाही होती, मग तिथे राजा का आवरला गेला नाही? कारण तिथला मुख्य जमीनकर राजा त्या सभेला न विचारता वसूल करू शके. १६१४ नंतर ती सभा थेट १७८९ मध्ये भरली. इंग्लंडचे पार्लमेंट जमीनदारांचे होते, स्त्रियांना आणि कष्टकऱ्यांना त्यात स्थान नव्हते, आणि त्याला लोकशाही म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण १६८९ पासून आजवर ते भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.