तिथी पाहून समुद्राला जावे

परीक्षा आटोपत आल्या की घरोघरी एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? मुकुंदवाडी, सिडको, चिकलठाणा या भागांतल्या कुटुंबांना वेरूळ-अजिंठा पाहुण्यांना दाखवून पाठ झालेले असते, पैठण आणि शिर्डी एका दिवसात होऊन जातात. मग मुले समुद्राचा हट्ट धरतात. मराठवाड्याच्या एकाही जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडचा सर्वांत मोठा जलाशय म्हणजे पैठणचा नाथसागर. अनेक घरांत आजी-आजोबांनीही समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. त्यामुळे बेत ठरतो तो उत्साहाच्या भरात, आणि बहुधा चुकीचा ठरतो.

चार दिवसांची रजा आणि यादीत अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत सगळा किनारा! रोज नवे गाव, रोज बॅगा बांधायच्या. परत येईतो समुद्रापेक्षा गाडीच्या काचाच जास्त पाहिलेल्या असतात. त्यापेक्षा एकच गाव मुक्कामाला धरावे आणि तिथून सकाळी निघून संध्याकाळी परत यावे. वयस्करांना एखादा दिवस खोलीवरच पडून राहता येते आणि मुलांना रोज तोच किनारा ओळखीचा होत जातो.

असे एक गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातले मुरूड. गाव लहान, किनारा लांबलचक, घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे आणि जवळच राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. या जलदुर्गाशी आपल्या शहराचे नाते अनेकांच्या लक्षात येत नाही. जंजिरा निजामशाहीच्या अमलात होता. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच. आज शहराला ज्यांचे नाव आहे त्या संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जंजिरा घेण्यासाठी समुद्रात भर घालून सेतू बांधण्याचा प्रयत्न केला. मोगली फौजा कोकणात उतरल्या आणि ते काम अर्धे सोडून त्यांना परतावे लागले. जंजिरा अखेरपर्यंत सिद्दींकडेच राहिला. हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. किल्ला पाहताना मुलांना एवढे सांगितले तरी इतिहासाचे पुस्तक पुन्हा उघडले जाईल.

जायचे कसे? मुकुंदवाडीचे स्टेशन हाकेच्या अंतरावर असले तरी लांब पल्ल्याच्या गाडीसाठी शहराचे मुख्य स्टेशन गाठावे. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सकाळी मुंबईला सोडते. तिथून गेटवे ऑफ इंडियाला जाऊन मांडव्याची लाँच धरावी; साधारण तासाभरात पलीकडचा किनारा लागतो. मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून पन्नासेक किलोमीटरवर मुरूड, एस.टी. आहे. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्राची पहिली भेट लाँचमधून घडावी, यासारखे दुसरे काही नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे जावे. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरते. घरात लहान मुले व वृद्ध असतील तर पुण्यात एक रात्र काढलेली बरी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. जून-जुलैत मासेमारीवरही बंदी असते. तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात गेलात तर दुपार सावलीत काढावी.

आता मुख्य मुद्दा. रेल्वेचे वेळापत्रक आपण चार वेळा पाहतो, समुद्राचे मात्र पाहत नाही. नाथसागराचे पाणी सकाळी असते तिथेच संध्याकाळी असते. समुद्राचे तसे नाही. तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. भरती आणि ओहोटी यांच्यात सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते आणि ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते : पाणी खूप चढते आणि खूप ओसरते. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

कोकणातल्या माणसाकडे याचा सोपा हिशेब आहे आणि त्याला लागणारी एकमेव वस्तू आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकलेली असते. कॅलेंडरवर तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तिथे गेल्यावर स्थानिक कोळ्यांना विचारावे आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

या हिशेबावर चार दिवस असे बसवता येतात. तृतीयेला मुरूडला पोहोचावे. चतुर्थीला सकाळी राजपुरीहून होडीने जंजिरा पाहावा. होडी हेलकावते, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी चढता-उतरताना हात धरूनच पाऊल टाकावे. किल्ल्यातले गोड्या पाण्याचे तलाव आणि कलालबांगडी तोफ चुकवू नये. समोर समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला.

पंचमीला आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरावे. बोटीत गाडीही चढते. ओहोटी पावणेदहाच्या सुमारास, म्हणून भल्या सकाळी निघून आधी सरळ हरिहरेश्वर गाठावे. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, अगदी समुद्राच्या कडेने जाते. ती ओहोटीलाच करायची. उशीर झाला तर देवाला बाहेरून हात जोडावेत, वाटेवर उतरू नये. परतताना पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे श्रीवर्धन आणि पुढे दिवेआगर. दिवेआगरला १९९७ मध्ये जमिनीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो दरोड्यात गेला, आणि हस्तगत झालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची २०२१ मध्ये प्रतिष्ठापना झाली. एवढी धावपळ नको असेल त्यांनी उत्तरेला फणसाडच्या अभयारण्यात शेकरू शोधावा किंवा कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला चढावा. कोर्लई गावात पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते.

षष्ठीला परतीची वाट. ओहोटी साडेदहाला. सातच्या आत मुरूड सोडले तर अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. षष्ठीला पाणी पुरते ओसरत नाही. थोडे पाणी उरले असेल तर घोडागाडी मिळते. पाणी पुन्हा चढू लागण्याआधी मात्र परत फिरायचे. फोटो राहिले तर राहू द्यावेत.

हा हिशेब केवळ सोयीचा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. विहिरीत, तलावात पोहणारा माणूस समुद्रात पट्टीचा पोहणारा ठरत नाही. पाणी ओसरत असताना ते माणसाला आत ओढते. म्हणून घराचा एक नियम असावा : पाण्यात जायचे ते चढत्या पाण्याच्या पहिल्या निम्म्या वेळेत, जिथे स्थानिक लोक उतरतात तिथेच, कमरेच्या वर नाही, आणि एक मोठा माणूस कोरडा, काठावर, मुले मोजत उभा. चतुर्थीला ही वेळ सकाळी नऊ ते बारा अशी येते. संध्याकाळी पाणी उतरत असते, तेव्हा वाळूवर फिरावे, शिंपले वेचावेत.

जेवणाची काळजी नको. सुरमई-पापलेट खाणाऱ्यांची चंगळ आहेच, शाकाहारी घरांनाही सोलकढी, उकडीचे मोदक आणि तांदळाची भाकरी आवडते. ज्वारीच्या भाकरीवाचून ज्यांचे भागत नाही त्यांनी पीठ बरोबर न्यावे. घरगुती खानावळीत सांगितले तर थापून देतात. संकष्टीचा उपवास पाळणाऱ्यांनी शुक्ल पक्षातली विनायकी निवडावी, म्हणजे घरातल्या मासेखाऊंची अडचण होणार नाही.

तेव्हा हॉटेलला फोन करण्याआधी कॅलेंडर खाली काढा. सुटीच्या महिन्यातल्या चतुर्थीभोवती पेन्सिलीने गोल करा. रजेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, आजीची औषधे, हे सगळे त्यानंतर.