डफरिन : सैनिकांची नौका, मग अधिकाऱ्यांची शाळा

ब्रिटिश भारताचे सागरी दल असलेल्या रॉयल इंडियन मरीनकडे युद्धनौका थोड्याच होत्या. खरे काम फौजेची ने-आण. त्यासाठीच ‘डफरिन’ १९०४ मध्ये इंग्लंडात बॅरो येथील व्हिकर्स गोदीत बांधली. नाव माजी व्हाइसरॉयचे, तळ मुंबई. तिची जोडीदार ‘हार्डिंग’ पहिल्या महायुद्धात ३ फेब्रुवारी १९१५ रोजी सुएझ कालव्यात तुर्की तोफांच्या माऱ्यात सापडली, आणि जानेवारी १९१७ मध्ये तिनेच तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरब बंडखोरांची तुकडी तांबड्या समुद्रावरील वज्ह बंदराजवळ उतरवली.

‘डफरिन’ची सगळ्यात मोलाची फेरी त्याच वर्षीच्या जुलैतली. ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स आणि अरब टोळ्यांनी वाळवंटाच्या बाजूने येऊन तुर्कांकडून अकाबा बंदर जिंकले, पण खायला काही उरले नव्हते. तुर्की कैद्यांचीही पोटे होतीच. लॉरेन्स उंटावरून सुएझला पोहोचला आणि त्याच्या मागणीवरून ‘डफरिन’ धान्य घेऊन तातडीने अकाब्याला निघाली. लॉरेन्सवर चित्रपट निघाला. भुकेल्यांपर्यंत धान्य नेणाऱ्या या बोटीची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. ती काढायला हवी.

१९२७ मध्ये माझगावच्या धक्क्याजवळ ती व्यापारी जहाजांवरच्या भावी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण नौका म्हणून उभी राहिली. तोवर व्यापारी जहाजांवर भारतीय माणूस खलाशी असे, अधिकारी क्वचितच. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली.